साहेबांच्या सेंडऑफला इंग्रजीत काय बोलू?

‘सप्रेम नमस्कार. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात डिस्पॅचला आहे. आमचे मॅनेजर साहेब मूळचे कोइमतूरचे. बारा वर्षं त्यांनी इथं एकट्यानं काढली, आता महिनाअखेरीला निवृत्त होऊन गावी चाललेत. त्यांना मराठी समजतं, पण बोलणं सगळं इंग्रजीत. सेंडऑफला त्यांच्या मिसेस आणि मुलगा येणार आहेत, त्यांना मराठीचा गंध नाही. म्हणून मालक म्हणाले, स्टाफतर्फे ताई बोलतील, पण इंग्रजीत. मी मराठी माध्यमाची. कामाचे ईमेल रोज लिहिते, पण मनातलं काही इंग्रजीत बोलायची वेळ कधी आली नाही. मुलीनं मोबाइलवरून मजकूर काढून दिला. त्यात “युअर डिपार्चर लीव्ह्ज ॲन इररिप्लेसेबल व्हॉइड इन अवर हार्ट्स” असलं काय काय आहे. मोठ्यानं वाचलं की मलाच कसंतरी होतं. कार्ड आणि मेमेंटोवरचा मजकूरही माझ्याच गळ्यात पडलाय. भावना पोचतील आणि हसूही होणार नाही, अशी नेमकी वाक्यं सांगाल का? आणि आपण “या परत” म्हणतो, ते इंग्रजीत कसं म्हणायचं?’

भाषणाला घाबरलेली, जुळे सोलापूर

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्राचं पहिलं पान वर छापलंय. दुसरं पान ‘हे उगीच लिहितेय, छापू नका’ असं म्हणून तुम्ही जोडलंत, आणि खरा मजकूर तिथंच आहे. चुकीची लेबलं लागून कंटेनर गेला, तेव्हा बायरच्या कॉलवर साहेबांनी ‘ही माझी चूक’ म्हणून विषय संपवला. २०२० च्या टाळेबंदीत माग बंद पडले, तेव्हा रोज संध्याकाळी एकेका कामगाराला फोन करून घरात धान्य आहे का ते विचारलं. मुलीच्या दहावीच्या पेपरांच्या वेळी तुम्ही काही म्हणायच्या आत तुमची पाळी बदलली. आणि शेंगा चटणी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा तांब्याभर पाणी प्यायलेले साहेब आता जाताना दोन किलो बांधून नेणार आहेत. (तुमचं न छापण्याचं म्हणणं मोडलंय, पण नाव-गाव ओळखू येईल असं काही ठेवलेलं नाही.)

भाषण झालं की हो तुमचं! इंग्रजी वाक्यं लागतील ती या चार गोष्टी अडकवायला खुंटी म्हणून. खुंट्या आपण शोधू. पण आधी मुलीनं दिलेला तो मजकूर बाजूला ठेवा. तुम्हाला कसंतरी होतं ते बरोबरच आहे. ‘व्हॉइड’, ‘इररिप्लेसेबल लॉस’, ‘यू विल लिव्ह इन अवर हार्ट्स फॉरएव्हर’ ही सगळी शोकसभेची भाषा. आपल्याकडं ‘कधीही न भरून येणारी पोकळी’ कुणाच्या बाबतीत निर्माण होते, ते पेपर वाचणाऱ्या माणसाला वेगळं सांगायला नको. साहेब धडधाकट आहेत, समोर खुर्चीत हार घालून बसलेले असणार. बायको-मुलासमोर त्यांना श्रद्धांजली वाहू नका.

तशीच पण जरा लपलेली अडचण आहे ती ‘वॉज’ आणि ‘वेअर’ची. ‘यू वेअर अ व्हेरी गुड बॉस’ हे व्याकरणात बसतं, पण कानाला असं वाटतं की माणूस होता, आता नाही. इथं शाळेत घोकलेला ‘हॅव बीन’ कामाला येतो. तेव्हा त्याचा उपयोग काय ते कुणी सांगितलं नाही, नुसते पाठ करून घेतले. बारा वर्षांपूर्वी सुरू झालं आणि आत्ता, या क्षणापर्यंत चालू आहे, असं जे जे असेल त्याला ‘हॅव’ लावायचा. ‘यू हॅव बीन व्हेरी काइंड टू अस.’ ‘इट हॅज बीन अ प्रिव्हिलेज वर्किंग विथ यू.’ या वाक्यांत दार उघडं राहतं. मात्र एखादी ठरावीक घटना सांगताना हाच ‘हॅव’ काढून टाका. ‘इन २०२० यू हॅव कॉल्ड अस’ नाही, ‘इन २०२० यू कॉल्ड अस’. एका दिवसाची, एका वर्षाची गोष्ट साध्या भूतकाळात. सगळ्या बारा वर्षांचं बोलायचं तिथं ‘हॅव’. एवढं एक सांभाळलंत तर निम्मी लढाई जिंकलीच.

जाता जाता: ‘आय ॲम वर्किंग विथ सर सिन्स ट्वेल्व्ह इयर्स’ हे वाक्य आपल्याकडच्या प्रत्येक ऑफिसात ऐकू येतं, आणि समोरच्याला अर्थ कळतोही. तरी पाहुण्यांसमोर नीट म्हणायचं असेल तर ‘आय हॅव वर्क्ड विथ सर फॉर ट्वेल्व्ह इयर्स’. कालावधी असेल तर ‘फॉर’, सुरुवातीचं साल असेल तर ‘सिन्स’.

आता आठवण येण्याबद्दल. ‘वुइ विल मिस यू, सर’ हे पाच शब्दांचं वाक्य साधं म्हणून टाळू नका, त्याच्याहून चांगलं मला तरी माहीत नाही. ‘यू विल बी ग्रेटली मिस्ड’ म्हटलं की ते कोरडं होतं, कारण आठवण कुणाला येणार तोच त्यातून गायब. ‘वुइ आर मिसिंग यू’ हे साहेब कोइमतूरला पोचल्यावर मेसेजमध्ये लिहा, ते समोर असताना नको. आणि जमलं तर आठवण नेमकी कशाची येईल ते सांगा. कंटेनर न्हावाशेवाला पोचला का म्हणून सकाळी येणारा त्यांचा फोन, गेटवरचा गाडीचा आवाज, फाइलवरची हिरव्या शाईची सही, जे खरं असेल ते. ‘आय विल मिस युअर मॉर्निंग फोन कॉल, सर. माय फॅमिली विल नॉट.’ यावर लोक हसतील, आणि हसू आलेलं बरंच असतं, त्यानं तुमचा आवाज सुटतो.

आपला निरोप माफी मागितल्याशिवाय पुरा होत नाही. ‘काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाला’ हे आपण इतक्या सहज म्हणतो की त्यात कबुलीजबाब आहे असं कुणालाच वाटत नाही. हेच इंग्रजीत ‘इफ आय हॅव कमिटेड एनी मिस्टेक, काइंडली एक्स्क्यूज मी’ असं नेलं तर ते मेमोला दिलेल्या उत्तरासारखं ऐकू येतं. साहेबांचा मुलगा विचार करत बसेल, या बाईंनी नेमकं केलं तरी काय? इंग्रजीत ही भावना आभाराच्या दारानं आत येते. ‘थँक यू फॉर पुटिंग अप विथ अस.’ म्हणजे आम्हाला सांभाळून घेतलंत, आमचं सगळं चालवून घेतलंत, आणि हे सांगताना आम्ही स्वतःवरच थोडं हसतोय. ‘टॉलरेटिंग’ हा शब्द तिथं घालू नका, त्यानं साहेबांनी बारा वर्षं छळ सोसला असं होतं. ‘थँक यू फॉर युअर पेशन्स’ही नको, माल उशिरा गेला की तुम्हीच बायरला ते लिहीत असाल. ‘यू हॅव बीन सो पेशंट विथ अस’ मात्र चालेल. शब्द जवळपास तेच, पण ते ईमेलमधून माणसात येतात.

मानाचाही असाच घोळ होतो. इंग्रजीत अहो-जाहो नाही, म्हणून आपण ‘रिस्पेक्टेड’, ‘ऑनरेबल’, ‘एस्टीम्ड’, ‘युअर गुड सेल्फ’ अशी विशेषणांची रास लावतो. एकदा ‘सर’ म्हटलं की पुरे. बाकीचा मान तुम्ही काय सांगता त्यात दिसेल. तुमच्या त्या चार गोष्टींना लागणारी क्रियापदं किती साधी आहेत बघा: ‘लुक्ड आफ्टर अस’, ‘स्टुड बाय अस’, ‘टॉट मी’, ‘मेड टाइम फॉर अस’. ही तुमच्या ईमेलमधली नाहीत, पण सातवी-आठवीच्या पुस्तकातली नक्की आहेत.

काही शब्दांपासून मात्र जपून. साहेब साधे आहेत म्हणून ‘ही इज अ सिंपल मॅन’ म्हणाल, तर इंग्रजीत त्याचा अर्थ अक्कल थोडी कमी असाही निघतो. ‘ही नेव्हर मेक्स अ फस’ म्हणा, किंवा ‘डाउन टू अर्थ’. मॅडमना ‘होमली’ म्हणू नका. आपल्याकडं ते कौतुक, अमेरिकेत त्याचा अर्थ दिसायला यथातथा. शिस्तीचं कौतुक ‘फर्म बट फेअर’. स्टाफपैकी कुणी कार्डावर ‘गुड रिडन्स’ लिहायला निघालं तर हात धरा, त्याचा अर्थ ‘पीडा टळली’. ‘ऑल द बेस्ट इन युअर फ्यूचर एन्डेव्हर्स’ हे एक्स्पीरियन्स सर्टिफिकेटच्या शेवटी छापलेलं असतं, ते तिथंच राहू द्या. निवृत्त माणसाला कसले एन्डेव्हर्स? त्यांना ‘हॅपी रिटायरमेंट’, आणि त्यापुढं ते गावी जाऊन काय करणार आहेत ते: नातवंडं, नारळाची झाडं, दुपारची झोप. ‘मे गॉड गिव्ह यू लाँग लाइफ’ आपल्याला आशीर्वादासारखं वाटतं, पण इंग्रजीत ऐकणाऱ्याला तब्येतीची शंका येते. ‘वुइ विश यू अँड मॅडम गुड हेल्थ’ पुरतं.

आता तुमचं ‘या परत’. तुम्ही सोलापुरात राहता, म्हणजे या बाबतीत तुम्ही कोट्यधीश आहात. पूर्व भागातला विणकर दारातून निघताना तेलुगूत ‘वेळ्ळोस्तानु’ म्हणतो, शेजारच्या काकू कन्नडमध्ये ‘होगि बर्तीनि’, आपण ‘येतो’. सगळे जाताना येण्याचंच बोलतात. तुमच्या साहेबांच्या तमिळमध्येही जाणारा ‘पोयिट्टु वरेन’ म्हणतो आणि निरोप देणारा ‘पोयिट्टु वांग’, जाऊन या. इंग्रजीत हे काम ‘कम बॅक सून’नं होत नाही, ते रजेवर निघालेल्याला म्हणतात. ‘डू व्हिजिट अगेन’ हॉटेलच्या बिलावर असतं. इंग्रजीत जवळीक दाखवायची तर निमंत्रण ठोस करायचं, तारीख-वार असल्यासारखं. ‘सर, प्लीज कम इन जॅन्युअरी, फॉर द गड्डा.’ गड्डा म्हणजे संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा, नंदीध्वज, अक्षता सोहळा, हे त्यांनी बारा वर्षं बघितलंय, मुलाला दाखवायचं राहिलं असेल. किंवा ‘द कोइमतूर ट्रेन स्टॉप्स ॲट सोलापूर, सर. प्लीज गेट ऑफ.’ कोइमतूर आणि मुंबईच्या मधली गाडी सोलापूरवरून जाते हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे, म्हणूनच ते खुदकन हसतील.

हे सगळं जुळवून भाषण साधारण असं होईल. जसंच्या तसं घेऊ नका, तुमच्या जिभेवर बसेल तसं फिरवा.

‘गुड इव्हनिंग, सर. गुड इव्हनिंग, मॅडम. आय वर्क इन डिस्पॅच, अँड आय हॅव वर्क्ड विथ सर फॉर ट्वेल्व्ह इयर्स. माय इंग्लिश इज फॉर ईमेल्स, सो धिस विल बी शॉर्ट.

‘वन्स, अ कंटेनर लेफ्ट विथ द राँग लेबल्स. द मिस्टेक वॉज अवर्स. ऑन द कॉल विथ द बायर, सर सेड, “धिस इज माय मिस्टेक.” ही नेव्हर स्पोक अबाउट इट अगेन.

‘इन २०२०, व्हेन द लूम्स स्टॉप्ड, सर कॉल्ड अस एव्हरी इव्हनिंग, वन बाय वन. ही आस्क्ड ओन्ली वन थिंग: इज देअर फूड इन द हाउस?

‘व्हेन माय डॉटर हॅड हर टेन्थ एक्झाम्स, ही चेंज्ड माय शिफ्ट. आय हॅड नॉट आस्क्ड. आय डिड नॉट थँक हिम प्रॉपर्ली देन. थँक यू, सर.

‘मॅडम, ही हॅज स्पेंट ट्वेल्व्ह इयर्स अवे फ्रॉम होम. थँक यू फॉर लेंडिंग हिम टू अस. वुइ आर सेंडिंग हिम बॅक इन गुड कंडिशन, विथ टू किलोज ऑफ शेंगा चटणी.

‘सर, यू हॅव बीन पेशंट विथ अस. थँक यू फॉर पुटिंग अप विथ अस. वुइ विल मिस यू. प्लीज कम फॉर द गड्डा. पोयिट्टु वांग.’

अडीच मिनिटांच्या आत संपतं. यातलं मॅडमना उद्देशून असलेलं वाक्य कापू नका, बाकी काहीही कापा. सेंडऑफमध्ये बोलणारे सगळे साहेबांकडं बघून बोलतात, आणि ज्या बाईनं बारा वर्षं घर एकटीनं चालवलं ती कडेच्या खुर्चीत परक्या भाषेतल्या टाळ्या ऐकत बसते. ‘लेंडिंग’ म्हणजे उसना दिलात. एका शब्दात सगळं आलं, आणि तो शब्द त्यांना नक्की कळेल. शेवटचं तमिळ म्हणताना ‘वांग’मधला ‘ग’ पूर्ण म्हणायचा, आपल्या वांग्याच्या जवळ गेलं तरी हरकत नाही. उच्चार साहेबांकडूनच आधी ऐकून घ्या, कशासाठी ते सांगू नका.

विनोदानं सुरुवात करायची असेल तर एक आयतं आहे. सोलापूर काय, कोइमतूर काय, दोन्ही गिरण्यांची गावं. आपली जुनी गिरणी १८७७ ची, त्यांची पहिली १८८८ ची. ‘सर केम फ्रॉम अ मिल टाउन टू ॲन ओल्डर मिल टाउन’ म्हणालात तर स्टाफ टाळ्या वाजवेल, आणि साहेब वाद घालतील. घालू द्या.

कागद हातात ठेवायला लाजू नका, आणि इंग्रजी वाक्यं देवनागरीत लिहिलीत म्हणूनही लाजू नका. तुम्ही दिवसभरात भाजीवाल्या मावशींशी कन्नड, रिक्षावाल्याशी हिंदी, लूमवरच्या जॉबरशी मोडकं तेलुगू बोलत असाल. तिथं चुकलात तर घाम फुटतो का? इंग्रजीही त्याच रांगेतली एक समजा. मधेच गळा दाटला तर ‘सॉरी, आय ॲम व्हेरी इमोशनल’ असं जाहीर करायची गरज नाही, ते सगळ्यांना दिसतच असतं. ‘गिव्ह मी अ मिनिट’ म्हणा, पाणी प्या, राहिलेलं वाक्य वाचा. अगदीच जमेना तर तेवढं मराठीत बोला. साहेबांना कळतं, आणि मुलाला ते समजावून सांगतील.

कार्डावर भाषण परत लिहू नका. ‘डिअर सर, थँक यू फॉर लुकिंग आफ्टर अस. फ्रॉम ऑल ऑफ अस इन डिस्पॅच’ आणि खाली सगळ्यांच्या सह्या, ज्याच्या त्याच्या लिपीत. मराठी, तेलुगू, उर्दू, जे येईल ते. हमालांच्या आणि मेंडिंगच्या बायकांच्या सह्या राहतात नेहमी, त्या आधी घ्या.

मेमेंटोचं काम तेवढं उशिरावर टाकू नका. पहिली गोष्ट म्हणजे तो ‘मेमेंटो’, पाट्यांवर ‘मोमेंटो’ दिसला तरी भाषणात तसं म्हणू नका. दुसरी, दुकानदाराकडं तयार मजकूर असतात, त्यातला ‘इन लव्हिंग मेमरी’ किंवा ‘इन फाँड रिमेम्ब्रन्स’ सुंदर दिसतो म्हणून निवडू नका, ते दोन्ही गेलेल्या माणसासाठी. तिसरी, आणि हीच लोक हमखास करतात: नावाखाली दोन सालं आणि मधे आडवी रेघ. तसं कोरलं की ती थेट कबरीवरची पाटी होते. साल टाकायचंच नाही. ‘विथ ग्रॅटिट्यूड अँड अफेक्शन, फ्रॉम युअर डिस्पॅच टीम, सोलापूर’ एवढं घ्या, आणि हवं तर खाली ‘ट्वेल्व्ह इयर्स टुगेदर’. मजकूर दुकानदाराला तोंडी सांगू नका, टाइप करून पाठवा, कोरण्याआधी नमुना मोबाइलवर मागवा, आणि साहेबांच्या नावाचं स्पेलिंग त्यांच्या ईमेलखालच्या सहीशी अक्षर न् अक्षर जुळवून बघा. दक्षिणेकडच्या नावांत ‘टी’पुढं ‘एच’ असतो, आणि आपले लोक तो हटकून गाळतात.